मेलेलं एन्झाइम

प्रयोगाचा फोटो पडद्यावर आला. एन्झाइमने जे कापायला हवं होतं, ते कापलंच गेलं नव्हतं.

प्रयोगशाळेतले जुने सहायक, सगळ्यांचे काका, मागेच उभे होते. तीस वर्षं इथेच एन्झाइम बनवत आलेला माणूस, त्यांना काय समजावून सांगायचं? त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पडदा नीट बघितला आणि म्हणाले, “मागच्या रांगेतली कुपी लावून बघ.”

प्रकरण तसं सरळ होतं. करोनाचा विषाणू पेशीत शिरला, की त्याचं एक एन्झाइम त्याच्या आरएनएची नक्कल काढत सुटतं, अक्षरापुढे अक्षर. घाईत चुकीचं अक्षर बसलं, तर दुसरं एन्झाइम मागून येऊन ते कापून टाकतं. औषध म्हणजे मुद्दाम बनवलेलं एक खोटं अक्षर. ते नकलेत बसलं आणि टिकलं, तर विषाणूचं काम बंद. पण त्या कापणाऱ्याने ते काढून टाकलं, तर ये रे माझ्या मागल्या. औषध टिकतं, हे तिने दोन वर्षांपूर्वी दाखवलं होतं. तिची पीएचडी त्यावरच उभी होती.

आणि याच औषधावरून तिचं घर मोडलं होतं. आई रुग्णालयात एकेका श्वासासाठी झगडत होती, तेव्हा धाकट्या भावाने फोनवर विचारलं होतं, “ताई, ते औषध तुझ्या फ्रीजरमध्ये आहे ना?” होतं. पण ते परीक्षानळीसाठी बनवलेलं, माणसाच्या अंगात सोडायचं नव्हे. ती नाकासमोर चालणारी. नाही म्हणाली. चौथ्या दिवशी आई गेली. “औषध तुझ्या हाताशी होतं आणि तू आईला मरू दिलंस,” एवढं बोलून भावाने अबोला धरला, तो आजतागायत. खरं सांगायचं तर तिलाही मनातून तेच वाटायचं. औषध चांगलं आहे, हे सिद्ध करणारी तीच ना? काम जितकं यशस्वी, तितका तिचा गुन्हा मोठा. पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमनी पाठ थोपटली, की त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

तिने मागच्या रांगेतली कुपी काढली. मनात भीती होती, पण नुसती भीती नव्हे.

असल्या कामात तुलनेसाठी एक मेलेलं एन्झाइमही बनवून ठेवतात. दिसायला तेच, वजनाला तेच, फक्त कापायची जागा मुद्दाम बिघडवलेली. कुप्या एवढ्याशा, की झाकणावर तारखेपलीकडे काही मावत नाही. म्हणून रांगेवरून ओळखायचं. पुढे जिवंत, मागे मेलेलं. साथीच्या त्या दिवसांत फ्रीजर बंद पडला होता आणि तिने धावपळीत डबे शेजारच्या फ्रीजरमध्ये हलवले होते. दोन्ही कुप्या एकदा ताडून बघायच्या असतात. पण माणसं पटापट जात होती, मॅडम दिवसातून दोनदा निकाल विचारत होत्या, आणि तिने ते पुढे ढकललं. ते आज केलं, तेही शोधनिबंध तपासणाऱ्याने मागितलं म्हणून.

दोन तासांनी दुसरा फोटो आला. मेलेल्या म्हणून ठेवलेल्या एन्झाइमने सगळं कापून काढलं होतं. चुकीचं साधं अक्षर कापलं होतं, आणि औषधही.

“डबा फिरलाय,” काका म्हणाले. म्हणजे हलवताना मागची रांग पुढे आली होती आणि दोन वर्षं ती मेलेलंच एन्झाइम वापरत होती; मेलेल्याने औषध कापलं नाही, यात औषधाचं काय कौतुक? मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “पोरी, दोन वर्षांचं काम आहे तुझं. मी काही बघितलं नाही, असं समज हवं तर.” असं वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघालं असावं.

ती हसली. खरोखर हसली. काकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. “शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. तुझी दोन वर्षं पाण्यात गेली, कळतंय का तुला?”

“कळतंय, मॅडम.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. ती रडत होती. ते रडणं सुटकेचं आहे, हे मॅडमना कळायचं काही कारण नव्हतं.

जिन्यात येऊन तिने भावाला फोन लावला. दोन वर्षांत त्याने एकदाही उचलला नव्हता. आज उचलला. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं, मागे कुठलंसं इंजिन धडधडत होतं.

“बारक्या, ठेवू नकोस. ते औषध चालत नाही. आज कळलं. विषाणू ते कापून टाकतो. तेव्हा मी दिलं असतं, तरी आई वाचली नसती.”

इंजिन बंद झालं. “नक्की?”

“माझ्या हाताने करून बघितलंय.”

ती वाट बघत राहिली. तो रडेल, माफी मागेल, नाहीतर नुसतं ‘बरं’ म्हणेल. काहीही चाललं असतं. तिने त्याला केव्हाच माफ केलं होतं.

“ताई, मला तुझ्यावर रागवायला मिळत होतं,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आईच्या आधी दोन दिवस ताप मला आला होता. मी गोळी घेतली, कुणाला काही बोललो नाही, आणि तिच्या शेजारी जेवायला बसलो.”