भामाची उलटतपासणी

ते १९५७ साल होतं. मे महिना असल्याने पनवेलचं दिवाणी कोर्ट बंद होतं, फौजदारी तेवढं चालू होतं. मुंबईला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली मंदा दिघे रोज सकाळी कमळाकरराव चित्रे वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसायची. ते तिच्या वडिलांचे स्नेही. आतापर्यंत तिने नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा काम मिळालं.

समोरच्या बाकावर गव्हाणची भामा बसली होती. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं म्हणून तिने पोटगीचा अर्ज केला होता. नेरे गावचा तो नवरा आता म्हणत होता, मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही. मारहाण शाबीत झाली तर पोटगी मिळून भामा भावाकडे राहू शकणार होती. नाही तर परत जाण्यावाचून गत नव्हती. साक्ष उद्या होती. मिठागरावर काम करणारा तो भाऊ, महादेव, बाहेर पडवीत बसला होता.

"घाबरू नकोस," कमळाकरराव भामाला म्हणाले. "ही मंदा आज तुझ्या नवऱ्याची वकील. उद्या कोर्टात विचारतील ते आज हीच विचारील. म्हणजे उद्या जड जाणार नाही." मग मंदाकडे वळून म्हणाले, "दयामाया नको. तिथे कोणी करणार नाही."

आणि ते वर्तमानपत्र उघडून बसले.

सुरुवातीला भामा नीट सांगत होती. कधी मारलं, कशाने मारलं. भात झोडायच्या दिवसांत, बैलाच्या काठीने. तेव्हाच मोडलेलं आणि वाकडं बसलेलं मनगट तिने पुढे करून दाखवलं. मंदाने ते फार वेळ पाहिलं नाही. तिला पुढचा प्रश्न सुचला होता.

"तेव्हा शेजाऱ्यांना काय सांगितलंत?"

"विहिरीवर पडले म्हनून."

"नवऱ्याने मारलं असं नाही सांगितलंत?"

"नाय. घरातली गोष्ट."

"मग बाई, तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

वर्तमानपत्र खाली आलं. "वा," कमळाकरराव म्हणाले. "उद्या नेमका हाच येणार." भामाने काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी समजावलं. लाज वाटली, भीती वाटली, म्हणून तसं सांगितलं, एवढं म्हण. मंदाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग आणखी एकदा, आवाज चढवून. तो आवाज तिचा तिलाच नवा होता आणि तो तिला आवडला. भामा दर वेळी तोंड उघडायची आणि मिटायची. मनगट तिने केव्हाच पदराखाली घेतलं होतं.

"ताई, तुमी त आमच्या बाजूच्या ना?" तिने विचारलं.

मंदाने हो म्हटलं. हा नुसता सराव आहे म्हणाली.

भामाने मान हलवली आणि उठून पडवीत गेली. थोड्या वेळाने महादेव आत आला. ती उद्या कोर्टात येत नाही म्हणते, नेऱ्याला नेऊन सोड म्हणते, असं त्याने सांगितलं. कमळाकररावांनी चष्मा काढला. कायदा तिच्या बाजूचा आहे, गेली तर तो पुन्हा मारील, हे त्यांनी पुष्कळ समजावलं. महादेवही वैतागला. वकील काय खातो का तुला, म्हणाला.

भामा चौकटीला टेकून उभी होती.

"तो मारतो," ती म्हणाली. "पन इचारत नाय."

महादेवने टोपी घातली. दोघं उन्हात उतरली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागली.

"प्रश्न चांगला होता," कमळाकरराव वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले. "जा, जेवून ये."

अर्ज काढून घेतला गेला. कमळाकरराव पुढे सहा-सात वर्षांनी वारले. तोपर्यंत नव्या वकिलांना ते मंदाचा तो प्रश्न सांगत असत. महादेव मिठागरावरच राहिला. बहिणीचा विषय त्याने कोणापाशी काढला नाही. मंदाला सनद मिळाली. तिच्या उलटतपासणीला पनवेलपासून अलिबागपर्यंतचे साक्षीदार वचकून असत.

भामा नेऱ्यालाच नांदली. पुष्कळ वर्षांनी एकदा ती मंदाला पनवेलच्या बाजारात दिसली. मंदाने नावाने हाक मारली. भामा थांबली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने बाजूला ठेवली, आणि हात पुढे बांधून ती उभी राहिली, आता काय विचारतात त्याची वाट बघत.