बापूजींची लाल गाडी

दत्तोपंतांनी खिशातून लोहचुंबक काढलं, तसा चंपतरावांनी श्वास रोखून धरला.

"पहिल्या मोजक्या गाड्यांचं अंग अॅल्युमिनियमचं, हाताने ठोकलेलं," गाडी पारखायला मुंबईहून नागपूरला आलेले दत्तोपंत म्हणाले. "नंतरच्या साऱ्या लोखंडी पत्र्याच्या. चुंबक चिकटलं नाही, तर ही त्या पहिल्यांतली."

लाल इटालियन स्पोर्ट्स गाडी अंगणात उभी होती. संस्थानं गेल्यावर एका राजाने विकायला काढली, ती बापूजींनी घेतली आणि 'आपली पहिल्या खेपेची' असं मरेपर्यंत नागपुरातल्या साऱ्या महाल वस्तीला ऐकवलं. लोक त्यांना थापाडे बापूजी म्हणत. चंपतरावांना बापाची लाज वाटे. आज तो डाग पुसला जाणार म्हणून त्यांनी अंगण झाडून घेतलं होतं, आणि आईचं जुनं, वेडंवाकडं घंगाळ पाहुण्याला दिसू नये म्हणून दाराआड सारलं होतं.

चुंबक गाडीच्या दाराला खटकन चिकटलं. मग बॉनेटला. मग मागेही.

"नंतरची आहे," दत्तोपंत हळूच म्हणाले.

फाटकातून बघणारे शेजारचे भैय्याजी खुदकन हसले. चंपतरावांची मान खाली गेली. मेल्यावरही बापाने नाक कापलं होतं.

"माफ करा, साहेब. आमचे वडील जरा बढाईखोर होते. माझ्या लग्नात मात्र गाडी कशी चकचकीत दिसत होती."

"हात धुऊन घ्या जी, चहा झाला," म्हणत चंपतरावांच्या आई गोपिकाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नेमकं तेच घंगाळ ओढून पुढ्यात ठेवलं. लेकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्तोपंत वाकले. चुंबक हातातून निसटलं, घंगाळावर आपटलं आणि घरंगळत खाली पडलं. त्यांनी ते उचलून पुन्हा घंगाळाला लावून पाहिलं. चिकटेना. मग घंगाळ कलतं केलं. बुडाला लाल रंगाचे पोपडे होते.

"आई, हे कुठून आणलंत?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आणतो कुठून, घरचंच होय. चंपत अडून बसला होता, चेपलेल्या गाडीत वरातीले बसत नाही म्हणे. मंग ह्याच्या बापानं गाडीले सारा पत्राच नवा लावला, अन् जुन्याची लग्नाची भांडी ठोकून घेतली. चंपतले सांगू नको म्हणे, पोराले वाईट वाटन."