आत्याचा मान

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून विजयमाला कुंची घेऊन सकाळीच अकलूजहून सोलापूरला भावजयीच्या, पूनमच्या माहेरी आली. बायकांनी दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून फिरवला, मग लेकीला पाळण्यात निजवलं. पूनमनं नावाची चिठ्ठी पुढं केली.

“रिया? म्हंजे काय गं?”

“ग्रीक पुराणातली देवी, वन्सं. तिचा नवरा जन्मलेलं एकेक लेकरू गिळून टाकायचा. शेवटच्या खेपेला तिनं दगड असाच दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि लेकरू वाचवलं.”

“अगं बया, आपला वरवंटाच की!” बायका हसल्या.

“पण ही तर आईची गोष्ट. लेकीला कशाला हे नाव?” विजयमालानं विचारलं.

“तिच्यावर तशी वेळ आली, तर तिला दगड सुचावा म्हणून. मला दोन्ही वेळा सुचला नाही.” पूनम पाळण्याच्या दोरीकडं बघत म्हणाली. “सांगा की तिच्या कानात.”

विजयमाला पाळण्यावर वाकली. पोटात मुलगी आहे कळल्यावर दोन्ही वेळा पूनमला हाताला धरून दवाखान्यात तिनंच नेलं होतं.