जलदेवीचा ठिपका

तांदळाच्या डब्यात पिंपिं वाजायला लागलं, तशी चांगुणानं हातातली मासळी टाकली आणि तांदळात हात खुपसून नवऱ्याच्या बोटीवरचं यंत्र ओढून काढलं. पडद्यावर लिहिलं होतं, "चक्रीवादळ. ताबडतोब माघारी फिरा."

या यंत्रामुळे बोट कुठं आहे ते मत्स्यखात्याच्या कचेरीत नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. बंदी असलेल्या पाण्यात जाळं टाकलं की चोरी पकडली जायची. म्हणून काल निघताना तिनंच ते नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं होतं. "घरान ऱ्हाऊं दे. सायबाला वाटल, बोट बंदरानच हाय." नवरा आणि दोघे दीर हसत हसत गेले होते.

आता कुणाचाच फोन लागेना. यंत्र पदराखाली धरून ती कचेरीकडे धावत सुटली. "सायेब, आमची जलदेवी भर दर्यान हाय! वाचवा!"

साहेबांनी पडद्यावरच्या नकाशात पाहिलं आणि समजुतीनं मान हलवली. "घाबरू नका, मावशी. बाहेर राहिलेल्या बोटींकडे गस्तीनौका मघाशीच गेली. तुमची जलदेवी तर किनाऱ्यालाच दिसतेय. हा बघा ठिपका... अरे, आता तर आमच्या दारात आलाय!"

चांगुणाच्या पदराखाली यंत्र पुन्हा वाजलं.