तिसरं अक्षर

मैनाने फळ्यावर एकाखाली एक चार शब्द लिहिले : जीजीयू, जीजीसी, जीजीए, जीजीजी.

"जनुकीय संकेतातला प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा," ती म्हणाली. "इथे तिसरं अक्षर कोणतंही घाला. पेशी चारही शब्द एकच वाचते. ग्लायसिन हे अमिनो आम्ल."

एकोणऐंशी साली नाशिकच्या त्या कॉलेजात लेक्चररची एकच जागा निघाली होती आणि मुलाखतीला आलेल्यांत पहिला वर्ग तिचा एकटीचा होता. पुण्याहून आलेले तज्ज्ञ समाधानाने मान हलवत होते. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब बडीशेप चघळत तिचा अर्ज पाहत होते.

"साळवी. म्हणजे कोकणातल्या तुम्ही? आमची थोरली सून साळव्यांचीच."

"नाही सर. नांदगाव."

"नांदगावला साळवी कुठले?" चघळणं थांबलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो बाई, साळवे ना तुम्ही? आणि आत्ता तुम्हीच शिकवलंत की! तिसरं अक्षर काही का घालेना, वाचणारा बरोब्बर वाचतो!"

तज्ज्ञ मोठ्याने हसले. प्राचार्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. अण्णासाहेबांच्या खालच्या ओठावर बडीशेपेचा ओला चोथा चिकटला होता. नियम खरा होता, आणि आता तो त्या तोंडात होता.

"सगळ्याच शब्दांना तो लागू नाही, सर."

"असेल, असेल. कळवू आम्ही. आणि ही जागा राखीव नाही बरं का. खुली आहे."

व्हरांड्यात तिचे वडील, झुंबरदादा, इस्त्रीच्या सदऱ्यात बाकाच्या कडेवर बसले होते. लेकीला अडचण नको म्हणून तिच्या नावातल्या 'वे'चा 'वी' त्यांनीच गॅझेटात करून घेतला होता.

"काय म्हनले? नावावरून काही?"

"कोकणातल्या का, म्हणून विचारलं."

"बघ! मी म्हनत नव्हतो?" ते उठून उभे राहिले. "आता धाकल्या सुगतचं बी 'साळवी' करून टाकू. कालिजात जायच्या आधी."

मैना नळाशी गेली. तिने चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. तोंडातली चव जाईना.

"नको, दादा," ती वाहत्या पाण्याकडे बघत म्हणाली. "भावाचं आडनाव आहे तेच राहू द्या."