टेबलाचा ताबा

भर दुपारी टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या गजबजलेल्या मंडईत, बसायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. आणि नातीकडे परदेशी आलेल्या निवृत्त न्यायमूर्ती हेमचंद्र सबनीसांना ती मिळाली होती! अख्खं टेबल रिकामं, वर कुणीतरी विसरलेलं टिश्यूंचं पाकीट. सबनीसांनी त्यातलेच टिश्यू भराभरा ओढून टेबल लख्ख पुसलं आणि मसाला डोशावर ताव मारायला सुरुवात केली.

नात अनुया उसाचा रस घेऊन आली ती जागीच थबकली.

"आजोबा, हे टेबल बुक आहे! पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. इथे सगळे तसंच करतात. उठा ना, प्लीज लाऽ," तिने इथल्या लोकांसारखा हेल काढला.

"वा रे वा! उद्या रुमाल टाकून कुणी राजवाडा बळकावेल." सबनीस खुशीत आले. "नुसती वस्तू ठेवून ताबा सिद्ध होत नाही, बाळा. माझाच निकाल आहे. एक बाई नवऱ्याला घेऊन इस्पितळात गेली. खोलीत खाट नि भांडी ठेवून. परत आली तर खोलीत दुसरं बिऱ्हाड. खालच्या कोर्टाने तिला खोली दिली होती, मी अपिलात निकाल फिरवला. अजून वकील त्याचा दाखला देतात!"

तेवढ्यात एक म्हातारी चिनी बाई ट्रे घेऊन टेबलापाशी आली. ट्रेमध्ये नूडल्सचे दोन वाफाळते बाऊल, मागे वॉकर ढकलत येणारा नवरा. तिने पाकिटाकडे पाहिलं, मग सबनीसांच्या ताटाकडे.

"असू दे, अंकल. तुम्ही खा," ती इंग्रजीत म्हणाली आणि दुसरी जागा शोधू लागली. जागा कुठली असायला! नवऱ्याचे हात वॉकरवर थरथरत होते. शेजारच्या टेबलावरच्यांनी एकदा सबनीसांकडे बघितलं आणि माना खाली घातल्या.

अनुयाचा चेहरा लाललाल झाला होता. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "ती खोलीवाली बाई पण अशीच उभी होती का?"

"मला काय ठाऊक? अपिलात माणसं कुठे बघायची असतात? कागद बघायचे."

बोलून गेले, आणि स्वतःचंच बोलणं कानांवर आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ताट उचलून ते उठले. "बसा... प्लीज," म्हणाले, पण भर कोर्टात घुमणारा तो आवाज ओठांबाहेर पडेल तर शपथ.

बाईने नवऱ्याला नीट बसवलं, त्याच्या हातात चमचा दिला. मग तिचं लक्ष सबनीसांकडे गेलं. एका हातात ताट, दुसरा हात सांबाराने बरबटलेला, म्हातारा नुसता उभा.

तिने पाकिटात बोटं घातली. आत एकच टिश्यू उरला होता. तो तिने त्यांच्यापुढे धरला.

घ्यावा की घेऊ नये, न्यायमूर्तींना ठरवता येईना.