एकशे सत्त्याऐंशी होकार

“आधी गिऱ्हाईकाला विचारा, मग वस्तू बनवा,” असं सर इंजिनिअरिंगच्या मुलांना उद्योजकता शिकवताना वीस वर्षं घसा फोडून सांगत आले. विसाव्या वर्षी चार मुलींनी पाण्याची टाकी भरली की शिट्टी मारणारं यंत्र सुचवलं. त्यांनी दोनशे घरांचा सर्व्हे जोडला होता आणि त्यातली एकशे सत्त्याऐंशी घरं ते विकत घ्यायला तयार होती. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मुली नोकरीला लागल्या. सरांनी मात्र नोकरी सोडली आणि यंत्रं बनवायला घेतली.

वर्षभरात अकरा खपली, त्यातली चार मेहुण्याने नेली. खोक्यांमुळे घरात बसायला जागा उरली नाही, तेव्हा सरांनी त्या चौघींतल्या एकीला बोलावून घेतलं.

“त्या घरांचे पत्ते तेवढे दे गं. मी स्वतः जातो.”

तिची मान खाली गेली. “सर, घरं नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. सगळे फॉर्म आम्ही कॅन्टीनमध्ये बसून भरले.”

सर एका खोक्यावरच टेकले. “आणि ते तेरा नकार?”

 

“ते तुम्हाला खरं वाटावं म्हणून, सर.”